इन्शुरन्सचा फणस

पहिल्या भेटीत बाईंनी मला खोली दाखवलीच नाही. गाडी दाखवली.

मी सांगलीकडची. वेंगुर्ल्यात नोकरी लागली म्हणून पाठीवर सॅक आणि हातात नवी बादली घेऊन घर शोधत हिंडत होते. कुणीतरी सांगितलं, चर्चच्या मागच्या वाटेवर एक निवृत्त बाई एकट्या राहतात, त्यांची मागची खोली रिकामी आहे. फाटक उघडून आत गेले, तर अंगणात डिकीवाली एक जुनी गाडी आणि तिच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेली फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक व्यक्ती.

"चावी फिरव," आतून आवाज आला.

"मी खोलीसाठी आले होते..."

"खोली कुठे पळून जात नाही. चावी फिरव."

मी बादली खाली ठेवली आणि चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली, एक मोठा उसासा टाकून सुरू झाली. बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, काटक, गालावर ग्रीसचा फराटा. मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "सकाळपासून माझ्या हातानं सुरू होत नव्हती. तुझा हात चांगला आहे. सामान आण."

खोली मी दुसऱ्या दिवशी नीट पाहिली. गळत नव्हती, एवढं नशीब.

बाईंनी शाळेत गाणं आणि शिवण शिकवण्यात जन्म काढला होता. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. नवरा बोटीवर होता. सुट्टीत आला की त्याच्या स्कूटरवर मागे बसायचं, एवढाच त्यांचा वाहनाशी संबंध. तो वारला, मुलगा आखातात, तो म्हणाला, आई, घर बंद कर आणि मडगावला मावशीच्या फ्लॅटमध्ये राहा. बाईंनी विचार करते म्हणून सांगितलं आणि आठवड्यानं कणकवलीच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी विकत घेतली. "एवढी वर्षं मागच्या सीटवर बसले," त्या मला म्हणाल्या, "पुढचं काही दिसलं नाही. नुसती त्याची पाठ."

गाडी घेताना ती फार वापरलेली नव्हती म्हणे. मी तिथे पोचले तोपर्यंत तिनं सगळं भोगलं होतं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं दारांच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या भुगा झाल्या होत्या. बॅटरीच्या टोकांवर पांढरं पीठ जमायचं, ते बाई गरम पाणी ओतून धुवायच्या. डाव्या बाजूची काच खाली घ्यायची तर एकानं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं तळव्यानं काच ओढायची. आणि माझ्या पायाखाली, डाव्या सीटपुढे, गंजून चांगलं पेल्याएवढं भोक पडलं होतं. त्यावर बाईंनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. पत्रा सरकला की खाली रस्ता धावताना दिसायचा. वेंगुर्ला ते कुडाळ हा रस्ता मी खिडकीतून कमी आणि पायाखालून जास्त पाहिला आहे.

पण गाडीत काही मोडलंय असं बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. माझ्याशी त्या शाळेतली स्वच्छ मराठी बोलायच्या, गाडीचा विषय निघाला की मात्र थेट मालवणीवर यायच्या. "मोडूक नाय गो, सैल झालाहा!" आरसा हातात आला, सैल झालाहा. सायलेन्सर रस्त्यावर पडला आणि मागचा टेंपो त्यावरून गेला, तरी तेच. मी एकदा विचारलं, "बाई, मग मोडलं कधी म्हणायचं?" त्या म्हणाल्या, "विकायला काढली की."

गाडीचा खर्च त्या पेन्शनमधून करत नसत. खर्च परसात उभा होता. कुंपणाकडचे तीन काजू म्हणजे टायर. विहिरीवरचा रायवळ आंबा म्हणजे बॅटरी. रतांब्याचं झाड म्हणजे इंजिन ऑईल आणि कूलंट. माड किरकोळीत. आणि स्वयंपाकघरामागचा तो प्रचंड फणस, तो इन्शुरन्स. मला हे माहीत नव्हतं. पहिल्याच मे महिन्यात एक पिकलेला फणस घमघमायला लागला, म्हणून मी कौतुकानं सुरी घेऊन निघाले, तर बाई मागून किंचाळल्या, "ठेव, ठेव! तो इन्शुरन्स आहे!"

आणि मी? मला त्या पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या, "ही माझी पेट्रोल." माझं भाडं थेट टाकीत जायचं. महिना संपत आला की काटा लाल रेघेवर टेकायचा आणि बाई माझ्याकडे विलक्षण प्रेमानं बघायला लागायच्या.

एका वर्षी आंब्याचा मोहोर गळाला आणि आमची बॅटरी गेली. मग तीन महिने गाडी उतारावर लावायची, सकाळी मी ढकलायची. शेजारचे विचारत, काय झालं? बाई शांतपणे सांगत, "यंदा मोहोर टिकला नाही." लोकांना वाटायचं, वयानं बाई विषय विसरतात.

क्लच प्लेटसाठी मात्र एकही झाड नव्हतं. ती गेली ऐन एप्रिलमध्ये, दाभोलीच्या चढावर. करपलेल्या रबरासारखा वास आला, इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी मागे मागे यायला लागली. आमचा मेकॅनिक बाबल, लठ्ठ, भित्रा आणि सज्जन माणूस, त्यानं प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असं एकेक सांगायला सुरुवात केली आणि बाईंचा चेहरा पाहून मध्येच थांबला. दुसऱ्या दिवशी बाईंनी कीबोर्ड झटकला. त्या मेमध्ये पंचक्रोशीत जेवढी लग्नं झाली, त्यातल्या निम्म्यांत बाई वाजवायला होत्या आणि कीबोर्ड उचलायला मी. नवरानवरींना आजही माहीत नसेल, पण ते केक कापत होते आणि आमची क्लच प्लेट तयार होत होती.

बाबलला बाई गाडीचे आवाज फोनवरून गाऊन दाखवायच्या. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा नाकात गेला. व्हरांड्यात उभ्या, फोन हातात, डोळे मिटलेले, आणि स्वच्छ घोटलेल्या आवाजात, "ऊंऽऽऽ... ऊंऽऽऽऽ..."

"बाई, वेगान वाढता काय तसोच रवता?" पलीकडून बाबल.

"वाढता. षड्जापासून पंचमापर्यंत."

"मगे चाकाचा बेअरिंग."

बहुतेक वेळा जमायचं. एकदा मात्र प्रत्येक वळणावर मागून 'घुडूम' असा आवाज यायला लागला. बाईंनी तो गायला. बाबलनं सस्पेन्शनचे बुश बदलले. घुडूम. शॉकअप बदलले. घुडूम. बाबल रडकुंडीला आला. शेवटी कशासाठी तरी डिकी रिकामी केली, तर कोपऱ्यात जुन्या गोणपाटाखाली एक शहाळं. बारशाला कुणीतरी दिलेलं. बाईंनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि बाबलला म्हणाल्या, "म्हणजे जुने शॉकअप बरे होते. तेच परत बसव."

त्यानं बसवले. बाईंना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

तर अशा या गाडीला पंधरा वर्षं पुरी होत आली. म्हणजे आता ती ओरोसला आरटीओत नेऊन दाखवायची, साहेबांनी पास केली तर आणखी पाच वर्षं, नाही तर भंगार. मुलाचा फोन आला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला नुसती काळजी वाटायची. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मी ऐकलं. "आई, पास झाली तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर घर बंद करायचं आणि मडगाव. शब्द दे."

बाई फणसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिला."

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मीही फारशी जेवले नाही. मडगावचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. तिथे ना परस, ना गाडी लावायला जागा, ना माझी खोली.

बाबलनं आठवडाभर गाडीत मुक्काम ठोकला. दिवे, वायपर, हँडब्रेक, सायलेन्सर सगळं झालं. भोकावर नवा पत्रा वेल्डिंग करून बसला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. जायच्या दिवशी मी म्हटलं, "चल आमच्याबरोबर." तो दोन पावलं मागे सरला.

"मी येवचंय नाय. माझ्या छातयेत धडधडता. तुमी जावा, मी हय देवाक नारळ ठेवतंय."

आम्ही दोघी निघालो. बाईंनी चर्चला जायचा निळा फ्रॉक घातला होता. गाडी अशी चालत होती की माझ्या डोळ्यांत पाणी यावं. कुडाळपर्यंत. बाजारात एक म्हैस आडवी आली, बाईंनी हॉर्न दाबला आणि तो दबलेलाच राहिला. पोंऽऽऽऽ. हात काढला तरी पोंऽऽऽऽ. म्हैस पळाली, भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या, समोरच्या रिक्षा फटाफट बाजूला झाल्या. कुणाला वाटलं मंत्री आला, कुणाला वाटलं वरात. बाई दोन्ही बाजूंना मान लववून हात हलवत होत्या. मी बाजारपेठ संपल्यावर उतरले, बॉनेट उघडलं आणि दिसली ती वायर उपटली. शांतता इतकी दाट पडली की मला माझे कान वाजताना ऐकू आले. मग बाई हसायला लागल्या. मी हसायला लागले. आम्ही रस्त्याकडेला बॉनेट धरून पोट दुखेपर्यंत हसलो.

आरटीओतले साहेब तरुण, चष्मेवाले, अतिशय नीटस होते. त्यांनी खाली वाकून पाहिलं, दिवे लावायला सांगितले, चाकं दाबून पाहिली. "हॉर्न?" मी धावत जाऊन वायर खोचली, पों झालं, पुन्हा उपटली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते नीट जोडून घ्या," एवढंच म्हणाले. बाईंनी माझा हात दाबला.

"आता गाडी पुढे घ्या, मॅडम. त्या पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबवा."

बाईंनी गाडी पुढे घेतली. पट्टा आला. पट्टा गेला. साहेब शेजारून चालत होते, ते पळायला लागले. "मॅडम, थांबा! थांबा!" समोर कुंपणाची भिंत, भिंतीपुढे खुर्ची, खुर्चीत चहा पिणारे एक गृहस्थ. ते चहासकट उडाले. गाडी खुर्चीला टेकून थांबली, खुर्ची जराशी हलली, बस.

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "ब्रेक उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.

साहेब धापा टाकत होते. त्यांनी घाम पुसला आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचता का?"

बाईंनी डोळे बारीक केले. पुढे झुकल्या. आणि त्यांची शाळेतली मराठी गळून पडली.

"भिंत? खंय आसा भिंत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. मग ते खिडकीपाशी वाकले आणि स्वतःच्या आईशी बोलावं तसं बोलले. "मॅडम, गाडी ठीक आहे. गाडीला पाच वर्षं मिळतील. पण परत जाताना तुम्ही चालवायची नाही. आधी डोळे दाखवा."

गाडी पास झाली होती. बाई नापास.

सांगलीला असताना मी लायसन्स काढलं होतं. भावानं काढलं म्हणून काढलं. त्यानंतर स्टिअरिंगला बोट लावलं नव्हतं. बाई मुकाट्यानं उतरल्या, फिरून डाव्या सीटवर जाऊन बसल्या. मी उजवीकडे.

"क्लच पुरता दाब," बाई समोर बघत म्हणाल्या. "दुसरा गिअर हातानं जात नाही, त्याला गुडघ्यानं रेटा दे. ब्रेक मारलास की डावीकडे ओढते, म्हणून आधीच उजवीकडे मनात धर."

"मनात कसं धरायचं?"

"धर गो!"

मी धरलं. गाडी तीनदा उडी मारून बंद पडली, चौथ्यांदा निघाली. हायवेला लागल्यावर मागून ट्रक ओरडत होते, मी ओरडत होते, बाई गप्प. मग कुठेतरी तिसरा गिअर पडला, अलगद, लोण्यात सुरी जावी तसा. वारा आत आला. आणि मला कळलं की गाडी मी चालवते आहे. मी मोठ्यानं हसले.

मग एकेक आठवायला लागलं. बाई मैलाच्या दगडांना हॉर्न द्यायच्या. रस्त्याच्या मधोमध चालवायच्या, "बाजूला खड्डे असतात" म्हणून. एकदा तर शेताकडेच्या बुजगावण्याशेजारी थांबून त्याला "येतोस रे कुडाळला?" असं विचारलं होतं. मला तो विनोद वाटला होता.

"बाई, ते बुजगावणं..."

"पांढरो शर्ट होतो," बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "माका मास्तर वाटलो."

थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "इथे पायाला गार वारा लागतो. नवा पत्रापण सुटलाय. कधी सांगितलं नाहीस, या सीटवर इतकं छान वाटतं म्हणून."

डॉक्टरकडे जायला त्या तयार नव्हत्या. गाडीच्या प्रत्येक चुर्रला बाबलला हाक मारणारी बाई, स्वतःच्या बाबतीत मात्र ठाम. "मोतीबिंदू काढताना डोळा उघडा ठेवतात. मी नाही." दोन दिवस अंगणात गाडीत बसून राहिल्या. चहासुद्धा तिथेच प्यायच्या. मुलाला "पास झाली" एवढंच सांगितलं. मी समजावलं, फादर येऊन समजावून गेले. उपयोग नाही.

शेवटी त्यांना पटवलं ते माझ्या ड्रायव्हिंगनं. मी त्यांना चर्चला, बाजारात, जेट्टीवर न्यायला लागले होते. दुसरा गिअर घालताना असा आवाज व्हायचा की रस्त्यावरची कुत्री उठून जायची. चढावर मी क्लच अर्धा दाबून धरायची. एका संध्याकाळी कॅम्प भागातल्या चढावर तो ओळखीचा करपट वास आला. बाईंनी हुंगलं. डोळे मिटले. लग्नांचा सगळा मे महिना त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिला.

"थांबव," त्या म्हणाल्या. "कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लाव. उघडा ठेवू दे नाहीतर मिटून, डोळा कर म्हणावं. तू माझी गाडी मारशील."

एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. मी थेंब घालायची, त्या मला गिअर शिकवायच्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि आम्ही घरी आलो. फाटकातच बाई थबकल्या. अंगणात भरदुपारचं ऊन होतं. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. दाराची गंजलेली कड बोटानं चाचपली. बॉनेटवरचा सोलवटलेला रंग पाहिला. बंपर बांधलेली सुतळी पाहिली.

"सायबा!" त्या पुटपुटल्या. "ही आमची गाडी?"

मला वाटलं, आता विकणार. इतकी वर्षं त्यांना ती चकचकीत पांढरी दिसत होती, आणि आता हे. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "बिचारी. मला वाटायचं, ही मला सांभाळते. आम्ही दोघी सारख्याच निघालो." चावी माझ्या हातातून घेतली. "बस."

तो फेरफटका मी विसरणार नाही. बाई प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होत्या. "चहा, नाश्ता, मासे! इथे हॉटेल आहे? बघ, बघ, त्या पोराचा शर्ट केशरी आहे!" पुलाच्या अलीकडे गाडी रोज दणकन आदळायची. शॉकअप गेले म्हणून बाई बाबलच्या मागे लागलेल्या असत. त्या दिवशी त्यांनी ब्रेक लावला, गाडी हळूच वर चढली, हळूच उतरली.

"ह्यो स्पीडब्रेकर कधी घातलो?"

"आधीपासून आहे, बाई."

त्यांनी आरशातून तो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, "बाबलक सांगू नको."

काजूच्या कारखान्याची पाळी सुटली होती. बायका डबे हातात घेऊन घोळक्यानं चालल्या होत्या. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि त्या एकेकीचा चेहरा पाहू लागल्या, जणू सगळ्या आज पहिल्यांदा भेटत होत्या. "बसा गो सगळी!" हां हां म्हणता मागची सीट भरली, मांडीवर मांडी आली, एक माझ्या कुशीत. तरी दोघी बाहेर उरल्या.

"बाई, जागा नाय," एक म्हणाली.

"जागा आसा. ह्या चेडवाक पाय आसत." बाईंनी मला कोपरानं ढोसलं. "उतर गो. तू चालत ये."

मी उतरले. त्या दोघी आत कोंबल्या गेल्या, दार दोनदा आपटल्यावर लागलं. गाडी निघाली. मी वेंगुर्ल्याच्या त्या रस्त्यावर धुरात उभी राहून पहिल्यांदाच तिला मला मागे टाकून जाताना पाहत होते. ढुंगण टेकलेलं, सायलेन्सर रस्त्याला घासतोय, चारी खिडक्यांतून कोपरं आणि डबे बाहेर, आत बायकांचा कल्ला आणि सगळ्यांच्या वर बाईंचा तो स्वच्छ घोटलेला आवाज, दुकानांच्या पाट्या वाचणारा. चौकात पोचल्यावर त्यांनी अगदी ऐटीत उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि गाडी डावीकडे वळली.